ध्वनिफितींची पुष्पिका

आमच्या मराठी विभागातील एका लोखंडी कपाटात, कोऱ्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांमागे, पत्र्याची एक पेटी अनेक वर्षे पडून होती. तिच्यात साठ-सत्तर ध्वनिफिती होत्या. काही आमच्या आधीच्या प्राध्यापकांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून जमवलेल्या. काही आम्ही स्वतः एम.ए.चे विद्यार्थी असताना, २००२-०३च्या सुमारास, लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी कारंजा (लाड) आणि आसपासच्या खेड्यांतून ध्वनिमुद्रित केलेल्या. जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, लग्नातली गाणी, गोंधळ, एकदोन कीर्तने आणि महाविद्यालयात झालेली काही कविसंमेलने असा तो ऐवज. वर चिकटवलेल्या कागदांवर निळ्या शाईत ‘ओव्या – २’, ‘भुलाबाई, बाजू अ बरी’ एवढेच लिहिलेले. त्याहून अधिक काही लिहावे असे त्या वेळी आम्हांला वाटले नव्हते.

यांतील दहा-बारा फिती आम्ही पंधराएक वर्षांपूर्वी एका शहरातील दुकानात देऊन त्यांची ‘सीडी’ करून घेतली होती. दुकानदाराने काम मनापासून केले. फितीवरची खरखर काढली, मधल्या रिकाम्या जागा काढल्या, आमचे प्रश्न आणि बायकांची आपापसांतली बोलणी काढली, आणि गाणी तेवढी सुटी करून एमपी-थ्री स्वरूपात दिली. आवाज स्वच्छ होता. आम्ही समाधानी होतो. वर्गात ती गाणी ऐकवताना फीत गुंतण्याची भीती राहिली नाही, याचाच आनंद अधिक होता.

गेल्या वर्षीच्या उन्हाळी सुटीत आम्ही पेटीतील सर्व फिती घरच्या संगणकावर उतरवून घेण्याचे ठरवले, तेव्हा त्या दहा-बारा फितीही पुन्हा लावल्या. त्यांपैकी एका फितीच्या आरंभी, पहिली ओवी सुरू होण्यापूर्वी, आमच्यापैकी एकाचा वीस वर्षांपूर्वीचा आवाज विचारतो, ‘आजी, तुमचं नाव सांगा.’ मागे कोणीतरी हसते. मग एक म्हातारी बाई आपले नाव सांगते, माहेरचे गाव सांगते, सासरचे गाव सांगते आणि ‘आमाले काय येते बाप्पा’ असे म्हणून गायला लागते. पुढे अर्धा तास ती थांबत नाही.

हे नाव आम्ही कुठेच लिहिले नव्हते. आमच्या लघुप्रबंधात त्या ओव्यांखाली ‘निवेदक : एक वृद्ध स्त्री’ असे आहे. दुकानातून आलेल्या सीडीत तर तो आरंभच नाही. निरुपयोगी बोलणे म्हणून तो कापला गेला होता. म्हणजे तिने आपले नाव सांगितले होते, ते फितीने जपले होते, आणि ते पुसण्याचे काम आधी आमच्या लेखणीने व नंतर स्वच्छ आवाजाच्या हौसेने केले होते. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन हेच आहे. जुन्या ध्वनिफिती संगणकावर उतरवणे हे आज मराठीच्या प्रत्येक विभागाचे काम आहे असे आमचे मत आहे. परंतु ते काम ‘चांगला आवाज’ म्हणजे काय याचा विचार न करता केले, तर वाचवण्याच्या नावाखाली आपण दुसऱ्यांदा गमावू, असेही आमचे मत आहे.

प्रथम निकड कशाची ते पाहू. फिलिप्स कंपनीने ही छोटी कॅसेट १९६३ साली बाजारात आणली. तिच्यातील फीत चार मिलिमीटरहून थोडी कमीच रुंद, आणि ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या मंद गतीने चालते. संगीतासाठी नव्हे, तर मुख्यतः बोलणे टिपण्यासाठी कल्पिलेले हे साधन. आपल्याकडे १९८०च्या दशकात ते घरोघरी पोहोचले. ध्वनिमुद्रणाची मालकी मोजक्या कंपन्यांच्या हातून सुटून गावोगावच्या गायकांपर्यंत कशी आली, याचे विवेचन पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या उत्तर भारताविषयीच्या ग्रंथात केले आहे. मराठीच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, खांद्यावरच्या पिशवीत मावेल असे यंत्र घेऊन खेड्यात जाणे प्रथमच शक्य झाले. ती सोय आता इतिहासजमा होत आहे. फितीवरील चुंबकीय थर वयोमानाने क्षीण होतो, दमट जागी बुरशी धरतो. आणि फीत शाबूत असली तरी ती नीट वाजवणारे यंत्र व ते दुरुस्त करणारा हात दोन्ही दुर्मीळ झाले आहेत. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून चुंबकीय फितींविषयी जो इशारा-प्रकल्प हाती घेतला, त्याचा अहवाल २०२० साली आला. फिती वाजवता येण्याची मर्यादा म्हणून त्यात २०२५च्या आसपासचा काळ धरला होता. ती मर्यादा आपण गाठली आहे. विदर्भातील पंचेचाळीस अंशांचे उन्हाळे पत्र्याच्या पेटीत काढलेल्या फितींबद्दल वेगळे काय सांगावे?

यावर एक आक्षेप हमखास येतो. गाणी तर लिहून घेतली आहेत, छापलीही आहेत. मग फितीचा एवढा अट्टहास कशासाठी? आक्षेप अगदीच निराधार नाही. मराठीतील लोकगीतांचा थोर वारसा आपल्याला लेखणीनेच दिला. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या लिहून काढल्या. कमलाबाई देशपांडे यांनी ‘अपौरुषेय वाङ्मय’ या नावाने स्त्रीगीतांचा विचार मांडला. सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने संकलनांची मालाच उभी केली. या कामाचे ऋण न मानणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु आमच्यापुरते आम्ही सांगू शकतो की, आमचे लिहिलेले आणि आमचीच फीत यांचा मेळ बसत नाही.

फीत ऐकत आम्ही आमचा जुना लघुप्रबंध समोर ठेवला. गाणारी ‘डोये’ म्हणते, आम्ही ‘डोळे’ लिहिले आहे. ती ‘माह्या’ म्हणते, आम्ही ‘माझ्या’. ती ‘मायले’ म्हणते, आम्ही ‘आईला’. ‘ळ’च्या जागी ‘य’ येणे आणि ‘ला’च्या जागी ‘ले’ येणे ही वऱ्हाडीची अगदी प्राथमिक लक्षणे. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या मराठीवरील सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडी-नागपुरीला स्वतंत्र स्थान आहे, आणि हे आम्ही परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. तरीही ओवी उतरवताना आमच्या हाताने तिला प्रमाण मराठीचे लुगडे नेसवले. कोणी तसे सांगितले नव्हते. वऱ्हाडी बोलणाऱ्या घरांतूनच आम्ही आलेलो. पण प्रबंधात घरची बोली लिहिणे म्हणजे शुद्धलेखन चुकणे, अशी धास्ती मनात खोल होती. याहून सूक्ष्म हानी निराळीच. एका चरणानंतर ती थांबते, जात्यात दाणे टाकते, जाते फिरते आणि मग दुसरा चरण येतो. कागदावर हे दोन चरण एकाखाली एक येतात. मधला घास नाहीसा होतो. ओवीचा आकार त्या घासाने ठरला आहे हे कागद सांगू शकत नाही. तेव्हा लिखित संकलन हे मूळ आणि फीत ही त्याची पुरवणी, हा क्रम आम्हांला उलटा वाटू लागला आहे. फीत हे मूळ होय; आपण छापले तो त्याचा अनुवाद, आणि अनेकदा बेजबाबदार अनुवाद.

याचे उत्तम प्रत्यंतर मराठीतच उपलब्ध आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी १९८०च्या दशकात पुण्याच्या परिसरातून जात्यावरच्या ओव्या जमवण्यास आरंभ केला. संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांपर्यंत गेला. १९९०च्या दशकात संगीतज्ञ आणि अभियंता बर्नार्ड बेल या कामात आले, आणि गाणाऱ्या स्त्रियांच्या आवाजाचे शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हे धन लोकांसमोर आणले. तेथे ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव आणि शक्य तेथे तिचा आवाजही मिळतो. संग्रहातील सर्वच ओव्यांना आवाज नाही. ज्यांना तो आहे त्या ओव्या, आणि ज्या केवळ अक्षरांत उरल्या आहेत त्या ओव्या, यांचे वाचन एकदा शेजारीशेजारी करून पाहावे. आम्ही येथे मांडतो आहोत त्याचा पुरावा कानांना आपोआप मिळेल.

आता ‘चांगल्या आवाजा’कडे वळू. घरच्या संगणकावर हे काम उत्तम होऊ शकते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. त्याला स्टुडिओ लागत नाही. लागतो तो संयम. फीत लावण्यापूर्वी तिच्या पाठीवरचे प्लॅस्टिकचे दोन छोटे कान मोडलेले आहेत की नाही ते पाहावे. ते शाबूत असतील तर चुकीचे बटण दाबले जाऊन मूळच पुसले जाऊ शकते. यंत्राचे हेड आणि रबरी चाक साफ करून घ्यावे. फीत एकदा पूर्ण पुढे व एकदा मागे फिरवून सैल करावी. सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे हेडचा कल. ज्या यंत्रावर ध्वनिमुद्रण झाले त्याचे हेड किंचित तिरपे असेल, तर दुसऱ्या यंत्रावर ती फीत दबलेली, घोंगडीआडून आल्यासारखी ऐकू येते. हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी हलक्या हाताने फिरवत ‘स’, ‘श’, ‘च’ हे वर्ण सर्वांत स्पष्ट कुठे येतात ते कानाने शोधावे लागते. संगणकात मागाहून कितीही कसरत केली तरी या एका स्क्रूचे काम होत नाही. टेपरेकॉर्डरच्या स्पीकरसमोर माइक धरू नये. ‘लाइन आउट’मधून केबलने थेट संगणकात, शक्य तर यूएसबीवर चालणाऱ्या ध्वनियंत्रातून, आवाज घ्यावा. ‘ऑडॅसिटी’सारखी मोफत प्रणाली या कामाला पुरते. नोंद चोवीस बिट आणि ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झवर, वेव्ह स्वरूपात करावी. तासाभराच्या फितीला ४८ किलोहर्ट्झवर सुमारे एक गिगाबाइट जागा लागते. आमची सबंध पेटी खिशात मावणाऱ्या एका डिस्कमध्ये बसली.

एवढे झाले की हात थांबवावा. खरखर काढणे, घुमारा काढणे, रिकाम्या जागा कापणे यांपैकी काहीही या पहिल्या प्रतीवर करू नये. जे करायचे ते तिच्या नकलेवर करावे. कारण आज आपण ज्याला गोंगाट म्हणतो, तो उद्याचा आशय असू शकतो. १९९०च्या सुमाराच्या आमच्या एका फितीत ओव्यांच्या मागे दूरवर आगगाडीची शीळ आहे. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणाऱ्या ‘शकुंतले’ची ती शीळ. १९९४पर्यंत ही गाडी वाफेवर चाले. पुढे डिझेलवर चालली, आणि आता तर या मार्गावर गाडीच धावत नाही. दुकानदाराच्या ‘स्वच्छ’ प्रतीत ही शीळ नाही. जात्याची घरघरही बरीचशी नाही. संगणकाला ती सततची खरखर वाटली, आणि त्याच्या परीने ते बरोबरच होते. जात्याशिवाय जात्यावरची ओवी मात्र उरली. अर्थात याचा उलट अतिरेकही नको. वीज गेलेली असताना संपत आलेल्या सेलवर आम्ही जे मुद्रित केले, ते आज जलद आणि चिरके ऐकू येते. साठीची बाई सोळा वर्षांच्या मुलीसारखी भासते. ही गती दुरुस्त करणे म्हणजे पाठदुरुस्ती होय, आणि ती केलीच पाहिजे. पण संपादक जसा मूळ पाठ व सुचवलेला पाठ वेगळे राखतो आणि दुरुस्तीची नोंद करतो, तशी.

हा विवेक आपल्याला बाहेरून शिकण्याची गरज नाही. कारंजा हे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून सर्वश्रुत आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी ते आणखी एका कारणासाठी ध्यानात ठेवावे. येथील जैन मंदिरांच्या शास्त्रभांडारांत शेकडो वर्षे हस्तलिखिते जपली गेली. रायबहादुर हिरालाल यांच्या मध्यप्रांत-वऱ्हाडातील हस्तलिखितांच्या सूचीने (१९२६) त्यांकडे विद्वानांचे लक्ष वेधले, आणि मग अमरावतीच्या महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करणारे डॉ. हिरालाल जैन यांच्या पुढाकाराने अपभ्रंशातील अनमोल ग्रंथ कारंजा जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाले. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ १९३१ साली, आणि स्वतः जैन यांनी संपादिलेली ‘णायकुमारचरिउ’ व ‘करकंडचरिउ’ ही त्यानंतरच्या दोनतीन वर्षांत. मराठीच्या पूर्वपीठिकेचा अभ्यास ज्या अपभ्रंशावाचून होत नाही, त्याचा एक मोठा झरा आमच्या गावात वाहत होता.

हे ग्रंथ टिकले ते मूळ पोथ्या अमर होत्या म्हणून नव्हे. पोथी जीर्ण होण्याआधी कोणीतरी तिची नक्कल करी, म्हणून ते टिकले. शास्त्राची प्रत लिहवून दान करणे हे तेथे पुण्यकर्म होते. आणि नक्कल करणारा अखेरीस पुष्पिका लिही : प्रत कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली, कोणत्या गावी, कोणत्या तिथीला. जसे समोर दिसले तसे लिहिले, चुकले असेल तर दोष मला देऊ नये, अशा आशयाची विनवणीही त्यात असे. आपण या विनवणीकडे लेखनिकाची औपचारिकता म्हणून पाहतो. आम्हांला आता ती एका संपूर्ण शास्त्राची प्रतिज्ञा वाटते. नक्कल करणाऱ्याने सुधारू नये. आणि आपण कोण, कुठे, केव्हा हे लपवू नये.

ध्वनिफितीच्या प्रत्येक नकलेला अशी पुष्पिका हवी. गाणारीचे नाव, गाव, अंदाजे वय, प्रसंग कोणता, मुद्रण कोणी, कधी, कोणत्या यंत्रावर, विजेवर की सेलवर केले, नक्कल कोणी, कधी, कोणत्या यंत्रावरून केली आणि तिच्यात काय बदलले. हे सर्व साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ध्वनीशेजारी ठेवावे, आणि कागदाच्या वहीतही लिहावे. पुष्पिका नसलेली ध्वनिफाइल ही कितीही चांगल्या आवाजात असली तरी मुकीच असते. स्वरूपाच्या बाबतीतही आपल्या इतिहासात एक धडा आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बंद केले. ग्रंथ सुरक्षित राहिले, पण विसाव्या शतकाच्या आरंभी संशोधकांनी त्या लिपीची उकल करीपर्यंत पंथाबाहेरील मराठी वाचकाला ते अस्तित्वातच नव्हते. एखाद्याच कंपनीच्या प्रणालीत उघडणाऱ्या फाइलीत आवाज ठेवणे म्हणजे नवी सकळ लिपी निर्माण करणे होय. आणि प्रत एकच असेल तर तीही पुरेशी नाही. आमच्या दुकानी सीडींपैकी तीन आज कोणत्याही संगणकावर उघडत नाहीत. ज्या ‘जुन्या’ फितींना वाचवण्यासाठी त्या केल्या, त्या फिती मात्र अजून वाजतात. म्हणून तीन प्रती, वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या गावी. आणि मूळ फीत कदापि फेकू नये.

आता सर्वांत अवघड प्रश्न. हे सारे ऐकणार कोण, आणि ऐकावे कोणी? नाव कळल्यावर आम्ही त्या आजींच्या गावी गेलो. त्या बारा वर्षांपूर्वी निवर्तल्या होत्या. मुलाने व सुनेने ध्वनिमुद्रण ऐकले. पहिल्या चार ओव्यांना घरात शांतता होती. पुढे एका ओवीत आजींनी सासरच्या एका माणसाचे नाव घेऊन त्याने केलेला छळ गायला आहे, आणि तो माणूस त्या घराचा आजही मानाचा पूर्वज आहे. सुनेने आम्हांला विचारले, ‘हे तुमी सगयायले ऐकवान काय?’ आमच्याजवळ उत्तर नव्हते. वीस वर्षांपूर्वी त्या बाईने जात्याशी बसून, दोनचार पोरांपुढे गायिले होते, जगापुढे नव्हे. आम्ही त्या ओव्या प्रबंधात छापल्या तेव्हा नाव गाळले होते, आणि ते गाळणे आम्हांला सोयीचे होते इतकेच. आता तिचे नाव लावावे तर तिचे दुःख उघडे पडते. दुःख झाकावे तर तिचे नाव पुन्हा पुसले जाते. आम्ही संपूर्ण प्रत घरच्यांना दिली, विभागात एक ठेवली, आणि इंटरनेटवर काहीही ठेवले नाही. हा निर्णय योग्यच आहे असा आमचा दावा नाही. परंतु जतन करणे आणि प्रसिद्ध करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला विलंब चालत नाही, दुसरीला घाई चालत नाही, एवढे आम्ही त्या घरातून शिकून आलो.

असो. तासाभराची फीत उतरवायला तासच लागतो; तिथे कोणतीही युक्ती चालत नाही. कोणीतरी तो तास बसून ऐकावेच लागते. आमच्या मते यातच या कामाचे शैक्षणिक मोल आहे. लोकसाहित्य शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला छापील ओव्यांचे रसग्रहण देण्याऐवजी एक फीत द्यावी. ती त्याने उतरवावी, बोली जशी ऐकू येते तशी लिहावी, आणि खाली पुष्पिका लिहून स्वतःचे नाव घालावे. प्रत्येक विभागात अशी एखादी पेटी आहेच. येत्या उन्हाळ्याआधी ती उघडावी, एवढीच आमची आपल्या व्यवसायबंधूंना विनंती आहे. आमच्या लघुप्रबंधाच्या विभागातील प्रतीत ‘एक वृद्ध स्त्री’ हे शब्द आम्ही पेन्सिलीने अधोरेखित केले आहेत, आणि समासात तिने सांगितलेले नाव लिहिले आहे. तेवढी दुरुस्ती करायला आम्हांला वीस वर्षे लागली.